बिननावाचा पाको

पुण्यात अलीकडे मराठी गाण्यांचे ‘अनप्लग्ड’ कार्यक्रम बरेच होतात. अशाच एका कार्यक्रमात निवेदक साथीदारांची ओळख करून देत होता. गिटार झाली, बासरी झाली, मग लाकडी खोक्यावर बसून समोरच्या फळीवर हात मारणाऱ्या मुलाकडे वळून तो म्हणाला, “आणि हे कहोन, स्पॅनिश वाद्य.” टाळ्या पडल्या, पुढचं गाणं सुरू झालं. खटकलं ते एवढंच. धड चूक नाही, धड बरोबरही नाही. कहोन मुळात पेरूचा. पण जगभर फिरत फिरत तो पुण्याच्या रंगमंचापर्यंत पोचला तो स्पेनमार्गे, आणि स्पेनमध्ये त्याला रुजवलं ते एका गिटारवादकानं. त्या गिटारवादकाचं नाव त्या संध्याकाळी कुणी घेतलं नाही, घ्यायचं काही कारणही नव्हतं. पाको दे लुसियाला जाऊन दशक उलटलं. त्याच्या आठवणी निघतात त्या बहुतेक वेगाच्या. बोटं कशी पळायची, एका सेकंदात किती सूर, वगैरे. मागे जे राहिलं आणि रोजच्या वापरात आहे, त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर त्याचं नाव उरलेलं नाही.

पेरूच्या किनारपट्टीवर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी मालाचे रिकामे खोके वाजवायला घेतले, त्यातून हे वाद्य घडत गेलं. पेरूनं २००१ साली ते राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केलं, आणि त्यामागे ‘हे आमचं आहे हो’ अशी थोडी तक्रारही असावी. १९७७ मध्ये पाको दौऱ्यावर लिमात होता. स्पॅनिश राजदूताकडच्या मेजवानीत चाबुका ग्रांदा ही पेरूची मोठी गायिका गात होती आणि काइत्रो सोतो कहोनवर साथ करत होता. पाकोनं ते ऐकलं आणि खोका विकत घेऊनच तो परतला. पुढे त्याच्या संचातल्या रुबेम दांतास या ब्राझिलियन तालवादकानं तो फ्लामेंकोत, म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या आन्दालुसियाच्या गाणं, नाच आणि गिटारच्या परंपरेत, बसवला. काही वर्षांत स्पेनमधल्या प्रत्येक संचात कहोन दिसायला लागला. आज तिथल्या तरुण पोरांना तो आजोबा-पणजोबांपासूनचा वाटतो.

खोकाच का, हे समजून घेण्यासारखं आहे. फ्लामेंकोत तालवाद्य असं नव्हतंच. ताल होता तो टाळ्यांचा, नर्तकीच्या टाचांचा, फार तर टेबलावर बोटांची पेरं आपटण्याचा. पाकोनं आधी बोंगो वापरून पाहिले होते; १९७३ च्या ‘एन्त्रे दोस आगुआस’मध्ये ते स्पष्ट ऐकू येतात. ती रुंबा, म्हणजे क्यूबाच्या वळणाची चाल, असल्यामुळे तिथे चालून गेले. पण बोंगोच्या चामड्याला स्वतःचा सूर असतो आणि थाप पडल्यावर तो थोडा रेंगाळतो. गिटार मंद्रात असेल तर दोन्ही एकमेकांत मिसळून आवाज गढूळ होतो. शिवाय तो आवाज ऐकला की कान लगेच क्यूबाकडे जातो. कहोनचा आवाज कोरडा. लाकडावर लाकूड आपटल्यासारखा, थेट टाचेच्या जातीचा. फळीच्या वरच्या कडेवर बोटांनी मारलं की टाळीजवळ जाणारा. म्हणजे नवं वाद्य आणूनही त्यानं नवा आवाज आणला नाही. जो आवाज त्या संगीतात आधीपासून होता, तो वाजवता येईल अशा रूपात आणला. पाकोचं सगळं काम साधारण याच वाटेनं जातं.

खोकाही वाटतो तितका साधा नाही. उंची पंचेचाळीस ते पन्नास सेंटिमीटर, रुंदी तीसच्या आसपास, तीन बाजू जाड लाकडाच्या आणि पुढची फळी जेमतेम तीन-चार मिलिमीटरच्या प्लायवूडची. मागे हवा जायला गोल भोक. पेरूच्या कहोनमध्ये आत तारा नसतात. फ्लामेंकोवाल्यांनी फळीच्या आतून गिटारच्या तारा ताणून बसवल्या, त्यामुळे कडेच्या थापेला खरखर आली. आपल्याकडे घेतलेल्या कहोनबद्दल ‘आवाज फुटत नाही’ अशी तक्रार असते, तिचं कारण बऱ्याचदा वरच्या दोन कोपऱ्यांच्या स्क्रूमध्ये असतं. ते पक्के आवळले की फळीची वरची कड हलत नाही आणि कडेची थाप बोथट होते. ते किंचित सैल ठेवायचे. पावसाळ्यात फळी दमट होऊन फुगते तेव्हा सैल केलेले स्क्रूही घट्ट बसल्यासारखे वागतात. खर्जासाठी तळवा वरच्या कडेपासून वीतभर खाली मारून लगेच उचलायचा असतो. हात तिथेच टेकून राहिला की आवाज जागच्या जागी मरतो. आणि माइक एकच असेल तर तो मागच्या भोकाशी लावण्याचा मोह टाळावा. खर्ज भरपूर येतो, पण कडेच्या थापा श्रोत्यांपर्यंत पोचतच नाहीत आणि मग हाच खोका ढोलासारखा ऐकू येतो.

आता वेगाबद्दल. तो नव्हता असं कोण म्हणेल?

पाकोचा पिकादो, म्हणजे तर्जनी आणि मध्यमा आळीपाळीनं चालवून काढलेली एकेरी सुरांची तान, आजही गिटारवाले व्हिडिओ थांबवून थांबवून बघतात. तंत्र म्हणून नियम थोडेच आहेत. अंगठा सहाव्या तारेवर टेकलेला. बोट तार छेडून हवेत जात नाही, वरच्या शेजारच्या तारेवर येऊन थांबतं. आवाजाला भरीवपणा येतो तो त्या थांबण्यातून. एकच बोट लागोपाठ दोनदा लावायचं नाही. बोटं आकड्यासारखी वळवण्याऐवजी बऱ्यापैकी सरळ ठेवून मुळाच्या सांध्यातून हलवायची, हे पाकोचं वैशिष्ट्य. अडतं ते तार बदलताना. पहिल्या तारेवरून दुसरीवर येताना नेमकं गैरसोयीचं बोट पाळीवर असेल तर हात चाचपडतो, आणि नवशिका तिथे नकळत तेच बोट पुन्हा वापरून मोकळा होतो. हळू लयीत हे लपतं, द्रुतात उघडं पडतं. दुसरी गफलत म्हणजे जोर कोपरापासून लावणं. मिनिटभरात मनगटाच्या वरचा भाग दगड होतो. पाकोच्या हाताकडे बघितलं तर बोटं झडत असतात आणि मनगट जणू दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं स्वस्थ असतं.

पण हे सगळं घोटून हात तयार झालेले लोक आज शेकड्यांनी आहेत. इंटरनेटवर पंधरा-सोळा वर्षांची मुलं त्याच वेगानं त्याच ताना घेतात. ऐकताना थक्क व्हायला होतं आणि दोन मिनिटांत कंटाळाही येतो. याचं कारण वेगात नाही, तान कुठे संपते यात आहे.

फ्लामेंकोत लयचक्राला कोम्पास म्हणतात आणि त्यातलं मुख्य चक्र बारा मात्रांचं. बारा म्हटलं की आपल्या डोक्यात एकताल सुरू होतो, आणि आपण तिथेच चुकतो. एकतालाचे विभाग दोन-दोनचे, सगळे सारखे. इथे चाल आहे तीन-तीन-दोन-दोन-दोन अशी. मोजायची पद्धत अशी की वजन येतं तीन, सहा, आठ, दहा आणि बारा या आकड्यांवर. एक-दोन-तीन, चार-पाच-सहा, सात-आठ, नऊ-दहा, अकरा-बारा. सोलेआ, आलेग्रियास, बुलेरिया हे यातले प्रकार: सोलेआत हे संथ चालतं, आलेग्रियासमध्ये खेळकर, आणि बुलेरियात इतकं झपाट्यानं की लोक बारावरूनच मोजायला सुरुवात करतात. आपल्या कानाला सवय आहे ती समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येऊन मिळण्याची. सोलेआत वाक्य पूर्ण होतं ते दहाव्या मात्रेवर. अकरा आणि बारा बऱ्याचदा मोकळ्या सोडलेल्या, किंवा गिटारच्या पोटावर टिचकी मारून भरलेल्या. हिंदुस्थानी संगीतात मुरलेला माणूस ‘एक’ची वाट बघत बसतो, तोवर वादक दहावर घरी पोचून पुढच्या फेऱ्याला निघालेला असतो. ‘तिय्या चुकला की काय’ असं वाटत राहतं, पण मोजायची जागा आपली चुकलेली असते.

पाकोची तान या दहाला किंवा बाराला नेम धरून सुटते. त्याहून पुढचं म्हणजे तो तिथे पोचायच्या आधी एखाद-दुसरी मात्रा सोडून देतो. १९७६ ची ‘आल्मोराइमा’ ही बुलेरिया ऐकावी. टाळ्यांचं चक्र अखंड चालू आहे, आणि गिटार वजनाच्या मात्रा टाळून त्यांच्या मधल्या फटींतून चालते; ऐकणारा तोल शोधत असताना नेमक्या जागेवर एक अंगठ्याची फटकार देऊन वाक्य मिटतं. ही फटकार म्हणजे आल्सापुआ. अंगठा खर्जाच्या तारेवर खाली येतो, मग वरच्या तारांवरून घसरत खाली, आणि मग नखाच्या पाठीनं परत वर. तीन हालचाली, एकट्या अंगठ्याच्या. त्यात अनामिकेनं गिटारच्या पोटावर टिचकी घालायची ती वेगळीच. वेगाचं कौतुक करणारे लोक बहुतेक वेळा या अंगठ्याकडे लक्ष देत नाहीत, आणि फ्लामेंकोवाले मात्र वादकाची पारख अंगठ्यावरूनच करतात.

हे त्याला आलं कुठून, तर गायकाच्या शेजारी बसून. दक्षिण स्पेनमधल्या आल्हेसिरासच्या बाहादिया मोहल्ल्यात बालपण गेलेला फ्रान्सिस्को सांचेस गोमेस. जन्म २१ डिसेंबर १९४७. आई लुसिया पोर्तुगीज, आणि गल्लीत पाको इतके की हा ‘लुसियाचा पाको’ झाला. वडील रात्री लोकांच्या मैफलींत, समारंभांत गिटार वाजवून पहाटे घरी येणारे. घरची ओढगस्त. शाळा लवकर सुटली आणि दिवसाचे कित्येक तास गिटार हा कायदा झाला. मोठा भाऊ रामोन गिटार वाजवायचा, पेपे गायचा. फ्लामेंकोचं घर हे असं असतं: गाणं आधी, मग नाच, आणि गिटार दोघांच्या सेवेला. स्वतःला गायचं होतं, लाजेपायी गिटारमागे लपलो, असं तो नंतर सांगायचा. पोरवयात खोसे ग्रेको यांच्या नृत्यसंचाबरोबर अमेरिकेत गेला असताना न्यूयॉर्कला साबिकास या नामांकित गिटारवादकासमोर त्यानं दुसरा थोर गिटारवादक निन्यो रिकार्दोच्या चिजा वाजवून दाखवल्या. रिकार्दो म्हणजे त्या पिढीचं दैवत. साबिकासनं ऐकून घेतलं आणि स्वतःचं वाजव, असं सुचवलं. दोन गुरूंपैकी एकाची नक्कल थांबवायला दुसऱ्यानं सांगणं ही गोष्ट आपल्याकडच्या घराण्यांच्या चर्चेत फार ऐकू येत नाही. पाकोनं ते ऐकलं, पण रिकार्दोला सोडलं नाही. १९८७ च्या ‘सिरोको’ या अल्बममधली शेवटची सोलेआ त्यानं रिकार्दोच्याच नावानं केली.

आणि मग गायक कामारोन. सान फर्नांदोचा हा जिप्सी पोरगा पाकोहून तीन वर्षांनी लहान. १९६९ पासून सत्तरच्या दशकात दोघांचे एकामागून एक अल्बम निघत गेले. त्यांतल्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत बहुतेक जागी एक आवाज, एक-दोन गिटारी आणि टाळ्या, एवढाच पसारा आहे. पाको कोण होता हे कळायला या ध्वनिमुद्रणांपेक्षा चांगली जागा नाही, असं माझं ठाम मत आहे, आणि नेमकी हीच भारतात कमी ऐकली जातात.

साथीचं काम बाहेरून सोपं दिसतं. गायक सांगतो, ‘पोर मेदियो, तिसऱ्यावर.’ म्हणजे ‘ए’च्या आकारात वाजव आणि सेहिया, म्हणजे कॅपो, तिसऱ्या पडद्यावर लाव. ‘पोर आरिबा’ म्हटलं तर ‘ई’चा आकार. गायकाचा गळा त्या दिवशी जसा असेल तसा पडदा वर-खाली. गिटारवाला आठ-दहा सेकंदांत लय आणि सूर दाखवून देतो, गायक ‘आय’ करत गळा मोकळा करतो, आणि इथून पुढे गिटारनं कमी बोलायचं. नवखा साथीदार घोटाळा करतो तो स्वरमेळ, म्हणजे कॉर्ड, बदलण्यात. पुस्तकात लिहिलंय की अमुक मात्रेवर मेळ बदलतो, म्हणून तो बदलतो. पण गायक एखाद्या सुरावर अडून बसला, त्याला त्या सुरातून अजून काही पिळायचं असलं, तर मेळ आधी बदलल्यानं त्याच्या पायाखालची फळी सरकते. थांबायला हवं, आणि थांबताना कोम्पास तर मोडायचा नाही. चक्र चालू, मेळ तोच, नजर गायकाच्या तोंडाकडे. सूर पडला की त्याच क्षणी खाली गादी घालायची. मग गायक श्वास घेईल तेवढ्या फटीत छोटासा जबाब. तो जबाब लांबला तर गायकाची पुढची ओळ उशिरा येते. कामारोनबरोबर पाको हे असं करतो की दोघांनी आधी ठरवून ठेवलं असावं असा संशय यावा. कामारोननं सूर मध्येच तोडला तर गिटारही तुटते. तो रेंगाळला तर पाको एकच तार धरून ठेवतो. ज्या माणसाच्या बोटांत तो सगळा वेग होता, तो माणूस तीन-तीन मिनिटं जवळपास काहीच न करता बसलेला ऐकू येतो.

इथे एक विषय आपोआप येतो. भैरवीचा. फ्लामेंको पहिल्यांदा ऐकणारा मराठी माणूस हमखास म्हणतो, ‘ही तर आपली भैरवी!’ सुरांच्या हिशेबात ते खरंच आहे: ‘ई’ हा षड्ज धरला तर रे, ग, ध, नि कोमल. पण वाक्य ज्या स्वरमेळावर विसावतं, त्यात शुद्ध गंधार आहे. म्हणजे उतरताना कोमल गंधार आणि घरी पोचल्यावर शुद्ध. ती ओढाताणच या संगीताची चव आहे. जिप्सी लोक मूळचे आपल्या वायव्य भागातले, हेही खरं, आणि पंधराव्या शतकात ते स्पेनमध्ये पोचल्याच्या नोंदी आहेत. पण त्यावरून ‘फ्लामेंको म्हणजे कथकची लेक’ अशी जी भाषणं मिश्र नृत्याच्या कार्यक्रमांआधी होतात, ती जरा आवरती घ्यावीत. आन्दालुसियाची लोकगीतं, अरब-ज्यू वारसा, क्यूबाहून परतलेल्या चाली, या सगळ्यांचं तिथे देणं आहे. आणि ज्यानं हे संगीत जगभर नेलं तो पाको स्वतः जिप्सी नव्हता.

भारताशी त्याचा खरा धागा दुसरीकडे आहे. इंग्लिश गिटारवादक जॉन मॅकलाफलिन ‘शक्ती’ या संचामध्ये झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबर काही वर्षं मांडी घालून वाजवून उठला, आणि पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, तो पाको आणि लॅरी कोरियल या गिटारवादकांबरोबर दौऱ्यावर निघाला. कोरियलच्या जागी मग अल दी मेओला आला आणि ५ डिसेंबर १९८० ला सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड थिएटरमध्ये त्या तिघांची ती प्रसिद्ध मैफल झाली. ध्वनिमुद्रिकेवरचं शेवटचं ‘गार्डियन एंजल’ तेवढं स्टुडिओतलं, बाकी सगळं त्या रात्रीचं. त्यातलं पहिलं द्वंद्व हेडफोन लावून ऐकावं. डाव्या कानात पाको, उजव्यात दी मेओला. दी मेओलाकडे लोखंडी तारा आणि प्लेक्ट्रम, पाकोकडे नायलॉन आणि उघडी बोटं. आवाजाच्या धारेत दी मेओला सहज पुढे. लक्ष द्यायचं ते एक वाजवत असताना दुसरा मागे काय करतो इकडे. पाको साथीला आला की रुंबाचा ठेका असा धरतो की समोरच्यानं कितीही सूर ओतले तरी ते सांडत नाहीत. त्यानं दी मेओलाची साथ अशी केली जशी कामारोनची केली असती.

सोपं मात्र गेलं नाही. जॅझवाले स्वरमेळांच्या मालिकेवर तिथल्या तिथे तान रचतात. फ्लामेंको गिटारवाला तसं करत नाही. त्याच्याकडे फाल्सेता असतात, म्हणजे घडवून ठेवलेले छोटे तुकडे, आणि कला असते ती कुठला तुकडा कुठे, किती आणि कुठे तोडायचा यात. पाकोला नोटेशन वाचता येत नव्हतं, स्वरमेळांची नावंही धड ठाऊक नव्हती. सुरुवातीच्या दौऱ्यांत मैफलीनंतर डोकं आणि पाठ दुखायची, इतका ताण यायचा, असं त्यानं मुलाखतींत सांगितलंय. परत घरी येताना मात्र तो जॅझच्या ताना घेऊन आला नाही. त्यानं आणले स्वरमेळ. मोकळ्या तारा मेळात तशाच वाजू द्यायच्या, म्हणजे ‘बी फ्लॅट’च्या मेळात वरची ‘ई’ची तार उघडी ठेवायची, ही रीत फ्लामेंकोत आधीही होती. पाकोनं असे आकार पडद्यांवर वर-खाली सरकवून नवनवे मेळ शोधले आणि ते सोलेआ-बुलेरियात मुरवले. आज स्पेनमध्ये पंधरा वर्षांचा विद्यार्थी ते मेळ बाराखडीसारखे शिकतो. ‘हा पाकोचा मेळ’ असं कुणी म्हणत नाही.

बसण्याचंही तसंच. जुने वादक गिटार उजव्या मांडीवर उभी टेकवून बसायचे. दिसायला रुबाबदार, पण डाव्या हाताला मान सावरण्याचं काम पडायचं. पाकोनं उजवा पाय डाव्यावर टाकला आणि गिटार आडवी ठेवली. डावा हात मोकळा झाला, वरच्या पडद्यांपर्यंत सहज जायला लागला. तोटा आहे: तास-दोन तास तसं बसलं की कमरेच्या एका बाजूवर भार येतो, आणि गुळगुळीत पॅंटवर गिटार घसरते ती वेगळीच. बरेच जण मांडीवर रबरी जाळीचा किंवा मऊ चामड्याचा तुकडा टाकतात. तरी सगळे तसेच बसतात. गिटारचंही तेच झालं. फ्लामेंकोची परंपरागत गिटार सायप्रस लाकडाची, फिकट, ‘ब्लांका’. आवाज झटकन उठतो, झटकन विरतो, टाचांच्या गोंगाटात कापत जातो. पाकोच्या हातात बहुधा माद्रिदच्या कोंदे बंधूंची ‘नेग्रा’ असायची. पाठ आणि कडा शिसवीच्या. आवाज गडद, सूर थोडा जास्त टिकणारा. एकल वादनाला तो हवाच होता. अशा गिटारींना लागणारी शिसवी आपल्या दक्षिणेकडच्या डोंगरांतूनही जाते, हा धागा जिप्सींच्या प्रवासाइतका रोमांचक नसला तरी पक्का आहे. तारा पोटापासून अगदी कमी उंचीवर, घोडीपाशी सात-आठ मिलिमीटर. शास्त्रीय गिटारीत हेच अंतर अकराच्या आसपास असतं. म्हणूनच टिचकीला बोट पोटापर्यंत पोचतं. आपल्याकडे लोक साध्या शास्त्रीय गिटारीवर हे करायला जातात, बोट अधांतरी राहतं, आणि पोचलं की पॉलिश उडतं. निदान पारदर्शक प्लास्टिकचं कवच चिकटवून घ्यावं.

शुद्धतावाद्यांनी त्याला सोडलं नाही. १९८१ पासूनच्या सहाजणांच्या संचात होर्हे पार्दोची बासरी आणि सॅक्सोफोन, कार्लेस बेनावेंतचा विजेचा बास, रुबेमचा कहोन, आणि दोन्ही भाऊ. बासरी फ्लामेंकोत? आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदी आठवली की हा वाद आपल्याला परका वाटू नये. दुसऱ्या बाजूनं १९९१ मध्ये त्यानं रोद्रिगोची ‘कॉन्सिएर्तो दे आरानहुएस’ वाजवली, तोवर न वाचता येणारं नोटेशन अक्षरशः बोट ठेवत ठेवत लावून, रचनाकार समोर बसलेला. शास्त्रीय गिटारवाल्यांना सूर खरबरीत वाटला. असेलही. पण पहिल्या भागातल्या रासगेआदोंना, त्या पंजा उघडून झाडलेल्या आघातांना, तीन आणि दोनची जी अदलाबदल हवी असते ती त्याच्याइतकी नेमकी फार कमी ध्वनिमुद्रणांत सापडते. रोद्रिगोनं ती घेतली होती तीही त्याच मातीतून.

२५ फेब्रुवारी २०१४ ला मेक्सिकोत, प्लाया देल कार्मेनला, हृदयविकारानं तो गेला, वय सहासष्ट. दफन आल्हेसिरासला. पुढच्या वर्षी माद्रिदच्या मेट्रोनं नऊ नंबरच्या मार्गावरच्या नव्या स्थानकाला त्याचं नाव दिलं. त्यानं स्वतः मात्र आपल्या चिजांना नावं दिली ती घरच्या माणसांची आणि पायाखालच्या जागांची. ‘प्लासा आल्ता’ हा आल्हेसिरासचा चौक, ‘कायेहोन देल मुरो’ तिथलीच गल्ली, ‘ला बारोसा’ त्याच प्रांतातला किनारा, ‘मि निन्यो कुरो’ म्हणजे मुलगा, आणि आई गेल्यावर १९९८ ला ‘लुसिया’, ज्यात तो लाज सोडून थोडं गायलाही.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर सॅन फ्रान्सिस्कोची मैफल नंतरसाठी ठेवा. आधी कामारोनबरोबरचा सत्तरच्या दशकातला कुठलाही अल्बम, मग ‘सिरोको’. त्यातली ‘ला बारोसा’ ही आलेग्रियास घ्या आणि लय स्थिरावली की टेबलावर बारा मोजा, तीन-सहा-आठ-दहा-बारावर जरा जोरात. पहिल्या दोन-तीन वेळा मोजणी सुटेल, आणि ती बहुतेक सहाच्या पुढे सुटेल. दोन तिनं मोजून झाल्यावर हात आपोआप तिसरं तीन मोजायला जातो आणि नऊवर जोर देतो, तर पाकोचा जोर आठवर येऊन गेलेला असतो. तिथे थांबून पुन्हा सुरू करू नका. आठ सुटला तर सुटू द्या, दहाला त्याला गाठा.